विसाव्यापुढचा खांदा

“...म्हंजे उरणं बी त्योच आन् थांबणं बी त्योच? एकटा शबुद दोन्ही कामं करतोय व्हय?”

केरोबाबांनी विचारलं आणि कुंभोजकर सरांचा चेहरा खुलला. सरांना प्रश्न फार आवडत. उत्तर आपल्याजवळ असलं की जरा जास्तच.

“एकटा नाही बाबा. तिथंच सगळे फसतात. दिसायला एक आहे, पण घराणी वेगळी.”

“बस. सावलीत सरक.”

सर मठाच्या कट्ट्यावर करंजाच्या सावलीत सरकले.

कट्ट्याला लागून रस्ता होता. गावातून यायचा आणि खाली कृष्णेच्या घाटाकडे जायचा. रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, कट्ट्याच्या बरोब्बर समोर, एक लांबट दगडी फरशी होती. गावातली प्रत्येक तिरडी स्मशानात जाताना त्या फरशीवर थोडा वेळ टेकायची. तिला विसावा म्हणत.

मठ आधीचा की विसावा आधीचा, हे कुणाला ठाऊक नव्हतं. बाबांना विचारलं तर ते म्हणत, “म्या मागनं आलो.”

सर दर सोमवारी मठात येत. आज बुधवार होता. उन्हं अजून उतरली नव्हती. बाबांनी ‘आज कसा काय?’ असं विचारलं नाही. न विचारण्यात बाबांचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

“तर मग सांग की,” बाबा म्हणाले. “किती घराणी?”

इथे सरांची थोडी ओळख करून द्यायला हवी. डॉक्टर श्रीधर कुंभोजकर तालुक्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. लोक जमिनीच्या मागे लागतात, खुर्चीच्या मागे लागतात. सर एका इंग्रजी शब्दाच्या मागे लागले होते. शब्द तसा गरीब. रेस्ट. डॉक्टर चिठ्ठीवर लिहितात तो, आणि सरकारी बंगल्याच्या पाटीवर असतो तो.

एका वर्गात एका पोरीनं विचारलं होतं, “सर, रेस्ट म्हणजे विश्रांती. मग ‘उरलेले’ म्हणजे पण रेस्टच कसं?” सरांना उत्तर आलं नाही. ते प्राध्यापकांच्या खोलीत आले आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला विचारलं. त्यालाही आलं नाही. तेव्हापासून दोघं त्या शब्दाच्या मागे लागले ते केस पिकेपर्यंत.

पुढे पुस्तिका निघाली. एका शब्दावर आख्खी पुस्तिका. विद्यापीठात सरांना शाल आणि श्रीफळ मिळालं. पुस्तिकेवर नाव एकट्या सरांचं होतं.

शेजारच्या टेबलावरच्या माणसाचं नाव हणमंत भोसेकर.

“पहिलं घराणं विश्रांतीचं,” सर सांगू लागले. “हे जुनं. उत्तरेकडच्या थंड मुलखातल्या टोळ्यांचं. झोप, बिछाना, निवांतपणा, सगळं यात आलं. दुसरं घराणं उरण्याचं. ते लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आलं, फ्रेंचमधून इंग्रजीत. त्याचा मूळ अर्थ मागे उभं राहणं. सगळे पुढे गेले, एक मागे उभा राहिला, तो उरलेला.”

“आन् त्येला कुणी हाक न्हाई मारली?”

सर हसले.

“शब्दात तेवढं येत नाही बाबा.”

“बरं.”

“तिसरं घराणं गमतीचं आहे. जुने सरदार चिलखत घालून घोड्यावर बसत. चिलखताच्या छातीवर एक आकडा असे, भाल्याला टेकायला. त्यालाही रेस्ट म्हणत.”

“भाला उतरून ठेवायला?”

“नाही हो. भाला मारताना मागे सरकू नये म्हणून. हा शब्द अटकेच्या कुळातला. अरेस्टमधला ‘अ’ गळून पडला.”

“म्हंजे घाव नीट बसावा म्हणून टेकू.”

“अगदी बरोबर.”

“आन् त्येला इसावा म्हणायचं.”

“विसावा नव्हे. दिसायला तसा आहे, एवढंच. तेच तर मी...”

सर थांबले. गावाच्या बाजूला त्यांचं लक्ष गेलं होतं. रस्ता रिकामा होता. एक कुत्रं फरशीच्या सावलीत झोपलं होतं.

“पुढं?” बाबा म्हणाले.

“बिलियर्ड नावाचा खेळ असतो. टेबलावर काठीनं चेंडू मारतात. हात पुरला नाही तर काठीला टेकायला दुसरी काठी घेतात. तीही रेस्ट.”

बाबा खळखळून हसले. म्हाताऱ्याला पुढचे दात नव्हते, त्यामुळे हसू सगळंच्या सगळं बाहेर यायचं.

“काठीला काठी! ह्यो बरा हाय. ह्येच्यात कुणी मरत न्हाई.”

सरांनाही हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं.

एवढ्यात गावाकडून सायकल आली. शिदू जंगम होता. मागच्या कॅरिअरला तुपाचा डबा आणि गोवऱ्यांचं पोतं बांधलेलं. कट्ट्याजवळ येऊन त्यानं एक पाय टेकवला.

“बाबा, भोसेकर सरांचं आवरलंय. निघत्यात आता. म्या म्होरं जाऊन...”

त्याला कुंभोजकर सर दिसले. वाक्य तोंडातच राहिलं. त्यानं नमस्कार केल्यासारखं काहीतरी केलं आणि पायडल मारून उतारानं निघून गेला.

सर आपल्या तळहाताकडे बघत बसले.

आता झाकपाक करण्यात अर्थ नव्हता. हणमंत भोसेकर पहाटे गेले होते, झोपेतच. गावात सकाळीच कळलं होतं. सरांच्या पत्नी सुमनताई लगेच भोसेकरांच्या घरी जाऊन आल्या. सर गेले नाहीत. दुपारी जेवणाच्या ताटावरून उठले आणि म्हणाले, “जरा बाबांकडे जाऊन येतो. एका शब्दाचं विचारायचंय.”

सुमनताई म्हणाल्या, “जा. रस्ता तोच आहे.”

कट्ट्यावर बसून लांबून बघू, आपल्याला कुणी बघणार नाही, असा सरांचा हिशेब होता. मोठी विद्वान माणसं असे हिशेब करतात. ज्या रस्त्यावरून तिरडी जाणार, त्याच रस्त्याच्या कडेला, जिथे ती टेकणार त्याच फरशीसमोर येऊन ते लपले होते.

“बाबा...”

“सांग.”

“हणमंत तुमच्याकडे यायचा ना?”

“यायचा की. बेस्तरवारी.”

“काय करायचा?”

“फरशी झाडायचा. बसायचा. जायचा.”

“बोलायचा?”

“कवातरी.”

सरांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. पुन्हा घातला.

“माझ्याबद्दल... काही बोलला का कधी?”

बाबांनी करंजाच्या फांदीकडे बघितलं. मग म्हणाले, “शबुद संपला का? का हाय अजून?”

“बाबा, मी काय विचारतोय?”

“म्या बी तेच इचारतोय. ऱ्हायलंय काय अजून?”

सरांना राग आला. राग गिळून ते सांगू लागले, कारण सांगणं त्यांना येत होतं.

“संगीतात आहे. पाश्चात्त्य संगीतात. सुरांच्या मध्ये न वाजवण्याची जागा असते, तिला रेस्ट म्हणतात. वाजवणाऱ्यानं तेवढा वेळ गप्प राहायचं. पण आतल्या आत मोजत राहायचं.”

“गप बसायचं आन् मोजायचं?”

“हो. नाहीतर पुढचा सूर चुकतो.”

बाबा अगदी सहज, पानात चुना कमी आहे का असं विचारावं तसं, म्हणाले,

“तू आन् हणमंतानं कुठवर मोजलं?”

...

करंजाचं एक पान सरांच्या मांडीवर पडलं. त्यांनी ते उचललं आणि शिरेवरून फाडलं.

“मी त्याला काही शिवी दिली नव्हती बाबा.”

“म्या कुठं म्हणतोय?”

“शास्त्राचा प्रश्न होता. त्या पहिल्या घराण्यात, जुन्या उत्तरेकडच्या भाषांत, या शब्दाच्या भावंडांचा अर्थ विश्रांती असा नाही. अंतर असा आहे. कोस, मैल, असं काहीतरी. कोशकार म्हणतात, कदाचित मूळ अर्थ तोच असेल. एका दमात माणूस चालेल तेवढी वाट. मग थांबायचं. म्हणून थांबण्यालाही तेच नाव पडलं असेल. कदाचित! त्यांनी ‘कदाचित’ लिहिलंय बाबा. हणमंतानं तो शब्दच गाळला. म्हणाला, कदाचित कशाला, असंच आहे. मी म्हटलं, पुरावा? तर म्हणाला, माझी आई.”

“त्येची आई?”

“सखूबाई. भोशाहून डोक्यावर मिरच्यांचं वझं घेऊन बाजाराला जायची. तिला मैल ठाऊक नव्हते. ती म्हणायची, बाजार तीन विसाव्यांवर आहे. माहेर पाच विसाव्यांवर आहे. हणमंत म्हणाला, श्रीधर, तू या शब्दाला बसायला खुर्ची दिलीस. त्याला जरा चालू दे की.”

“मग?”

“मग काय? कॉलेजात इंग्रजी शिकवणारा माणूस आईची साक्ष काढतो! सखूबाईंचा आणि त्या थंड मुलखातल्या टोळ्यांचा काय संबंध?”

“काय बी न्हाई.”

“तेच मी म्हणत होतो.”

“निस्तं म्हणत हुतास?”



म्हणणं वेगळं आणि छापणं वेगळं. पुस्तिकेच्या प्रस्तावनेत सरांनी लिहिलं होतं, की या शब्दाचा मूळ अर्थ ‘अंतर’ असल्याचं काही जण छातीठोकपणे सांगतात. ते बाजारच्या वाटेवरचं व्युत्पत्तिशास्त्र आहे, विद्वानांनी त्याच्या नादी लागू नये. नाव घेतलं नव्हतं. गावात नाव घ्यावं लागत नाही. मिरच्यांचं वझं वाहून कुणाच्या आईनं कुणाला शिकवलं, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वाक्य लिहिताना सरांना ते फार झकास वाटलं होतं. एकदा सुमनताईंनाही त्यांनी ते वाचून दाखवलं. ताई म्हणाल्या, “खोडा ते.” सरांनी खोडलं नाही.

“तो आला होता बाबा,” सर म्हणाले. त्यांचा आवाज आता वर्गातला राहिला नव्हता. “पुस्तिका निघाली त्याच्या दुसऱ्या दिवशी. हातात पुस्तिका होती. मला वाटलं, भांडेल. मी उत्तरं तयार ठेवली होती. एकूणएक. तो दारातच उभा राहिला. म्हणाला, छपाई बरी झालीय. आणि गेला.”

“आन् तू?”

“मी काय करणार? त्यानं प्रश्नच विचारला नाही.”

“हाक मारायची.”

थोड्या वेळापूर्वी हाकेच्या प्रश्नाला आपणच काय उत्तर दिलं ते सरांना आठवलं असावं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“त्यानंतर आम्ही बोललोच नाही. तो सोमवार सोडून इथं यायला लागला,” सर म्हणाले. “मी येतो म्हणून.”

“न्हाई. बाजार सोमवारचा. त्येला गर्दी सोसंना.”

हे मात्र सरांना नवीन होतं. इतकी वर्षं ते एक गोष्ट मनाशी धरून बसले होते, आणि ती नुसती बाजाराची गर्दी निघाली.

“मग तो माझ्यावर रागावला नव्हता? बाबा, एवढं एकच सांगा. बाकी काही नको. तो काय म्हणाला? शेवटचं कधी काय म्हणाला माझ्याबद्दल?”

बाबा उठून उभे राहिले.

ते उत्तर द्यायला उठले नव्हते. गावाकडून लोक येत होते. टाळ नाही, हलगी नाही. नुसते पाय. पुढे हणमंत भोसेकरांचा मुलगा विश्वजित, हातात विस्तवाचं मडकं. त्याच्यामागे तिरडी. मागे कॉलेजची माणसं, पेठेतली माणसं, आणि खूपसे जुने विद्यार्थी, ज्यांची पोरंही आता कॉलेज सोडून गेली होती.

कुत्रं उठून बाजूला झालं.

भावकीतल्या चौघांनी तिरडी फरशीवर टेकवली. कुणी खांदा चोळला, कुणी घाम पुसला. चेहऱ्याभोवतीचा गुलाल जरा विस्कटला होता, तो एकानं नीट केला. हणमंत भोसेकर लहानखुरे होते, आता तर आणखीच लहान दिसत होते. सरांना तेवढ्या अंतरावरून फक्त कपाळ दिसलं.

सर कट्ट्यावर मागे, भिंतीकडे सरकले.

“इथं का ठेवतात ते मला ठाऊक आहे,” ते हळूच पुटपुटले. जीभ आपली जुनी वाट सोडत नाही. “मृताला विश्रांती म्हणून. लांबच्या प्रवासाला निघालाय म्हणून.”

“मढं दमतंय व्हय रं?” बाबा म्हणाले.

त्या गावाची एक रीत होती. घरापासून विसाव्यापर्यंत भावकीनं न्यायचं. विसाव्यापासून पुढे सोबत्यांनी. भावकी जन्मानं मिळते, तिनं उंबऱ्यापासून अर्ध्या वाटेवर आणून सोडायचं. उरलेली वाट, ज्यांना माणसानं स्वतः निवडलं त्यांची. आणि त्यातही पुढची उजवी बाजू सगळ्यांत जवळच्या सोबत्याची. ही रीत कुणी लिहून ठेवलेली नव्हती, आणि कुणी मोडलेलीही नव्हती.

भावकीतले चौघे बाजूला झाले.

मागच्या डाव्या बाजूला कॉलेजचा जुना शिपाई हसन आला. मागच्या उजव्या बाजूला दूध संस्थेचे अण्णा पाटील. पुढच्या डाव्या बाजूला पोस्टातले गुरव, ज्यांच्याशी भोसेकर रोज संध्याकाळी बुद्धिबळात हरत.

पुढची उजवी बाजू रिकामी राहिली.

भावकीतले थोरले होते तुकाराम अण्णा. त्यांनी घसा साफ केला आणि रीतीप्रमाणे हाक दिली.

“सोबत्याचा खांदा ऱ्हायलाय... कोण हाय?”

कुणी पुढे आलं नाही. कुणी कट्ट्याकडे बघितलंही नाही. आणि न बघण्यासाठी प्रत्येकाला मान दुसरीकडे वळवावी लागत होती.

तुकाराम अण्णांनी पुन्हा हाक दिली.

“सोबत्याचा खांदा...”

सर बाबांकडे वळले. त्यांनी बाबांचा हात धरला.

“बाबा, मी कोणत्या तोंडानं जाऊ?”

“तोंडानं कुठं न्हेत्यात? खांद्यानं न्हेत्यात.”

“विश्वजित नको म्हणाला तर?”

“तर येशील माघारी.”

“सगळ्यांसमोर?”

“छापलंस बी सगळ्यांम्होरंच की.”

सर उठले. उभे राहिले. आणि पुन्हा खाली बसले. पायांत बळ नव्हतं असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. पायांत बळ होतं. त्यांना भीती वाटत होती. आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहिलेला माणूस चार माणसांसमोर उभं राहायला भ्याला होता.

“मला जमायचं नाही,” ते म्हणाले.

“बरं,” बाबा म्हणाले.

आणि केरोबाबा कट्ट्यावरून उतरले.

बाबांना कट्ट्यावरून उतरून रस्ता ओलांडताना गावानं फार वर्षांत बघितलं नव्हतं. तिरडी आली की ते जागेवरून उठून हात जोडत, बस. आता ते सरळ फरशीपाशी गेले. कमरेत वाकलेला, काठीसारखा सुकलेला म्हातारा. ते पुढच्या उजव्या बाजूला उभे राहिले आणि खाली बसून त्यांनी बांबूखाली खांदा घातला.

“अवं बाबा!” हसन म्हणाला. “तुमास्नी झेपायचं न्हाई.”

“उचला.”

“बाबा...”

“उचला म्हणतोय न्हवं? खोळंबा कशापायी?”

बाबांचा शब्द गावात कुणी मोडत नसे. तिघांनी एकमेकांकडे बघितलं आणि उचललं.

तीन कोपरे वर गेले. चौथा गेला नाही. बाबांची मान बांबूखाली दबली, गुडघा थरथरला, आणि तिरडी पुढच्या उजव्या अंगाला कलली. हणमंत भोसेकरांचं डोकं त्या बाजूला घसरलं. जमलेल्या माणसांतून एक ‘अरे अरे’ उठलं. विश्वजितच्या दोन्ही हातांत मडकं होतं, त्याला काही करता येईना.

कट्ट्यावरून कुंभोजकर सर धावले. कसे धावले ते त्यांना नंतरही कधी सांगता आलं नाही. आधी त्यांनी हातानं बांबू पेलला, मग खांदा लावला, आणि बाबांना दुसऱ्या हातानं बाहेर काढलं.

“सरा बाजूला! पडेल तो... अहो, पडेल तो!”

तिरडी सरळ झाली.

तुकाराम अण्णा विश्वजितकडे बघत होते. विश्वजित सरांकडे बघत होता. लहानपणी हा मुलगा सरांच्याच ओसरीवर इंग्रजीची पाठ्यपुस्तकं वाचायचा आणि सुमनताईंच्या हातचे लाडू खायचा. मधली सगळी वर्षं तो रस्त्यात दिसला की मान खाली घालून जायचा. सरांचीही मान तेव्हा वर नसायचीच.

सर त्याच्या डोळ्यांना डोळा देऊ शकले नाहीत. बांबू मात्र त्यांनी सोडला नाही.

“काका,” विश्वजित म्हणाला.

...

“चप्पल काढा.”

सरांनी खाली बघितलं. एक पाय झटकला, मग दुसरा. एक चप्पल फरशीखाली गेली, एक रस्त्यात पडली. कुणीतरी ती उचलून कट्ट्यावर ठेवली.

विश्वजित वळला आणि चालू लागला.

उतार सुरू झाला. खडी पायाला टोचत होती. हसन मागून हळू आवाजात, “सर, डावीकडं खड्डा हाय... सर, सावकाश,” असं सांगत होता. सर सावकाश चालत होते. त्यांचा चष्मा ओला झाला होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता. ते रडत होते, मोठ्यानं, लहान मुलासारखे. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

केरोबाबा मानेवरचा ओरखडा चोळत त्यांच्या बाजूनं चालत होते.

“बाबा...”

“हं.”

“वाटलं होतं, मला पेलवणारच नाही.” सरांचा श्वास अडकत होता. “पण हा हलका आहे हो. काहीच वजन नाही. मला वाटलं होतं, आत्ताही त्याच्या मनात... बाबा, हा इतका हलका कसा?”

बाबा चालता चालता थांबले. तिरडी पुढे निघाली, तेव्हा त्यांनी मागून जरा मोठ्यानं सांगितलं.

“त्येनं त्येचं वझं कवाच उतरून ठेवलं हुतं, मास्तर.”